दफ्तरी वळणाचा अलंकार : 'मोनोटाइप कोर्सिव्हा' ह्या मुद्राक्षराची परंपरा व उपयोग

१. विषयाचे स्वरूप

लेखनकलेच्या इतिहासात असे वारंवार आढळते की, एका काळी कामाच्या निकडीतून निर्माण झालेले वळण पुढील काळी शोभेचे लक्षण ठरते. इंग्रजी मजकुराची प्रशस्तिपत्रके, लग्नपत्रिका, शुभेच्छापत्रे, उपाहारगृहांतील पदार्थांच्या याद्या ह्यांवर किंचित कलते, अंगाने सडपातळ आणि मोठ्या अक्षरांना लपेटदार शेपटे असलेले एक मुद्राक्षर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून सर्वत्र दिसू लागले. 'मोनोटाइप कोर्सिव्हा' हे त्याचे नाव. मोनोटाइप ह्या इंग्लंडमधील प्रसिद्ध मुद्राक्षरसंस्थेसाठी पॅट्रिशिया साँडर्स ह्यांनी ते १९९१ मध्ये सिद्ध केले. त्याचा आदर्श मात्र सोळाव्या शतकातील आहे. रोमच्या धर्मपीठाच्या दफ्तरात पत्रे लिहिणारा लेखक लुदोविको देग्ली आर्रिगी ह्याचे वळण साँडर्स ह्यांनी समोर ठेवले होते.

दफ्तरात भराभर लिहिण्यासाठी रूढ झालेले वळण समारंभाचे वळण कसे झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर केवळ अक्षराच्या सौंदर्यात शोधून भागणार नाही. इटॅलिक अक्षर प्रथम संपूर्ण ग्रंथ छापण्यासाठी वापरले गेले. पुढे ते उभ्या रोमन अक्षराचे सहायक बनले. आणि ह्या सहायकपणात जो अलंकार मावेना तो अखेरीस स्वतंत्र मुद्राक्षराच्या रूपाने वेगळा निघाला. कोर्सिव्हा हे ह्या तिसऱ्या अवस्थेचे प्रातिनिधिक रूप होय. ह्या तीन अवस्था ध्यानात घेतल्या म्हणजे अक्षराचे रूप आणि अक्षराचे कार्य ह्या दोन गोष्टी किती भिन्न आहेत हे स्पष्ट होते, आणि मराठी मुद्रणातील एका प्रश्नावरही त्यामुळे काही प्रकाश पडतो.

२. कोर्सिव्हाचे रूप

'कोर्सिव्हा' हा शब्द धावणे ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. इटालियन भाषेत ह्या जातीच्या अक्षराला 'कोर्सिव्हो' व जर्मन भाषेत 'कुर्सिव्ह' म्हणतात. फ्रेंच आणि इंग्रजी ह्या भाषांनी मात्र त्याला त्याच्या जन्मभूमीवरून 'इटालिक' हे नाव दिले. एका नावात अक्षराची गती आहे, दुसऱ्यात त्याचे गोत्र आहे.

ह्या मुद्राक्षराच्या रूपात चार गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली, अक्षरांचा कल. तो बेताचा असून त्यामुळे ओळीला उजवीकडे वाहत जाण्याचा भास येतो. दुसरी, अक्षरांची रुंदी. वर्तुळाकार अक्षरेही येथे लांबट व चिंचोळी आहेत. तिसरी, रेषेतील जाडबारीकपणा. रुंद टोकाचा टाक एका ठरावीक कोनात धरला असता खाली उतरणारी रेषा जाड व वर चढणारी रेषा बारीक उमटते. तो भेद कोर्सिव्हात जपलेला आहे. लहान लिपीतील 'एन्' ह्या अक्षराची कमान उभ्या दांड्याच्या माथ्यावरून न निघता दांड्याच्या अंगातून वर चढत जाते, कारण हात न उचलता लिहिणाऱ्याचा टाक त्याच वाटेने जातो. 'ए' हे अक्षर उभ्या रोमन टाइपात दोन मजली असते. येथे ते एकमजली आहे. चौथी गोष्ट म्हणजे मोठी अक्षरे. त्यांच्या आरंभी व शेवटी टाकाचा सहज फटकारा असावा तशा वक्र रेषा लांबविलेल्या आहेत.

ह्या चौथ्या लक्षणाने कोर्सिव्हाच्या उपयोगाची मर्यादा ठरते. त्यातील मोठी अक्षरे शब्दाच्या किंवा ओळीच्या आरंभी शोभतात. तीच एकापुढे एक मांडून संपूर्ण शब्द जुळविला तर एकाचा फाटा दुसऱ्यात शिरतो आणि शब्द वाचणे कठीण होते. शिवाय ह्या मुद्राक्षराला उभा किंवा ठळक असा जोडीदार नाही. ज्या मजकुरात मथळे, उपमथळे, टीपा अशी उतरंड दाखवावयाची असते, तेथे त्याचा निभाव लागत नाही. चार ओळींचे निमंत्रण किंवा एका पृष्ठाचे मानपत्र हेच त्याचे क्षेत्र होय.

३. दफ्तरातील मूळ

पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समधील मानवतावादी विद्वानांनी प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या जुन्या हस्तलिखितांचे वळण आदर्श मानून एक स्वच्छ, गोल वळण प्रचारात आणले. पोज्जो ब्राच्चोलिनी हा त्यांतील अग्रणी. पुढे ह्याच वळणाला रोमन टाइपात स्थान मिळाले. परंतु ग्रंथ नकलून काढण्यास हे वळण संथ होते. निक्कोलो निक्कोली ह्या विद्वानाने १४२० च्या दशकात त्याचे एक जलद रूप वापरले. त्यात अक्षरे कलली, आकसली आणि एकमेकांना जुळू लागली. अक्षराचा कल हा येथे शोभेसाठी आलेला नाही. हात वेगाने चालला म्हणजे तो आपोआप येतो.

विद्वानांच्या खाजगी टिपणांतून हे वळण रोमच्या धर्मपीठाच्या दफ्तरात गेले. तेथे दोन प्रकारचे लेख निघत. मोठी औपचारिक आज्ञापत्रे जुन्या, अवघड वळणात लिहिली जात; त्या मानाने संक्षिप्त व निकडीची पत्रे, ज्यांना 'ब्रीफ' म्हणत, ती ह्या नव्या धावत्या वळणात लिहिली जात. दफ्तराला इटालियन भाषेत 'कान्चेल्लेरिया' म्हणतात, म्हणून ह्या वळणाचे नाव 'कान्चेल्लारेस्का' असे पडले. मराठीत त्याला 'दफ्तरी वळण' म्हणण्यास हरकत नाही.

आर्रिगी हा मूळचा व्हिचेन्झा नगरचा. धर्मपीठाच्या अशा पत्रांचा तो लेखक होता. १५२२ हे वर्ष मुखपृष्ठावर असलेले 'ला ऑपेरिना' हे त्याचे छोटे पुस्तक म्हणजे ह्या वळणाचा पहिला छापील कित्ता होय. त्यात अवघी ३२ पृष्ठे आहेत. टाकाने लिहिलेल्या अक्षराची गती खिळ्यांनी दाखविता येत नाही, म्हणून ती पृष्ठे लाकडी ठशांवर कोरून छापण्यात आली. ते कोरीव काम उगो दा कार्पी ह्याचे आहे. आर्रिगीची शिकविण्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक अक्षराचा आरंभ दोहोंपैकी एका रेषेने होतो : एक आडवी व जाड, दुसरी तिरपी व बारीक. ह्या दोन आरंभांप्रमाणे त्याने लहान अक्षरांचे दोन गट पाडले. अक्षराचे अंग पूर्ण चौरसात न बसविता लांबट चौकोनात बसवावे, असेही त्याने सांगितले आहे. कोर्सिव्हाचा चिंचोळेपणा हा अशा रीतीने एका शिक्षकाच्या नियमापर्यंत मागे नेता येतो.

४. खिळ्यांतील पहिली अवस्था

आर्रिगीचा कित्ता निघण्यापूर्वीच धावते वळण खिळ्यांत उतरले होते. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस ह्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफ्फो ह्या बोलोन्याच्या कारागिराने त्याचे पोलादी ठसे कोरले. १५०० मध्ये सिएनाच्या संत कॅथरिनच्या पत्रांच्या आवृत्तीतील एका चित्रात ह्या अक्षरांतील थोडे शब्द प्रथम आले, आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्यांचा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत त्यात छापला गेला. ग्रंथाचा आकार हाती धरून वाचता येईल इतका लहान होता. त्याच वर्षी होरेस व पेत्रार्क, आणि १५०२ मध्ये दान्ते ह्यांचे ग्रंथ ह्याच मालेत प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट आजच्या वाचकास विस्मयकारक वाटेल. ह्या ग्रंथांत इटॅलिक हे कोणत्याही शब्दावर भर देण्यासाठी आलेले नाही. सर्वच मजकूर इटॅलिक आहे. विद्वानाच्या स्वतःच्या हातची वही वाचीत असल्याचा प्रत्यय त्या पृष्ठांतून येत असावा. मोठी अक्षरे मात्र उभी व आखूड रोमन वळणाचीच ठेवली होती. म्हणजे कोर्सिव्हात जी मोठी अक्षरे सर्वांत आधी डोळ्यांत भरतात, ती मूळ इटॅलिक टाइपात कलतीसुद्धा नव्हती. अलंकार मागाहून आला, हे येथे स्पष्ट दिसते.

ह्या अक्षराची लोकप्रियता इतकी होती की, १५०२ मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडून संरक्षण मिळूनही फ्रान्समधील लिओं नगरीच्या मुद्रकांनी त्याच्या नकला केल्या, आणि १५०३ मध्ये आल्दुसला त्यांविरुद्ध जाहीर सूचना छापावी लागली. श्रेयाचा वादही त्याच वर्षी उभा राहिला. ग्रिफ्फो आल्दुसपासून दूर झाला होता. फानो येथील मुद्रक जेरोलामो सोन्चिनो ह्याने १५०३ च्या आपल्या पेत्रार्कच्या आवृत्तीत ह्या अक्षराचा खरा निर्माता ग्रिफ्फोच असे लिहून ठेवले. ठसे कोरणारा एक आणि नाव मिळविणारा दुसरा, हा प्रकार मुद्रणाच्या इतिहासात पुढेही अनेकदा घडला.

आर्रिगीने स्वतः १५२४ मध्ये रोम येथे मुद्रणास आरंभ केला. त्याचा भागीदार लाउतित्सिओ हा सोनार व मुद्रा कोरण्यात निष्णात कारागीर होता. आर्रिगीचे खिळे आल्दुसच्या खिळ्यांहून अधिक मोकळे व डौलदार आहेत. त्यांतील उभ्या दांड्यांचे माथे उजवीकडे हळूच वळतात. टाकाची ती लकब खिळ्यांत प्रथमच इतक्या विश्वासूपणे उतरली. कोर्सिव्हाचे आणि आर्रिगीचे नाते मुख्यतः ह्या माथ्यांत व अक्षरांतील मोकळ्या अंतरांत दिसते.

भाषाभ्यासकांच्या दृष्टीने आर्रिगीच्या मुद्रणालयाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. त्याच्याच नगरचा विद्वान जान् जोर्जो त्रिस्सिनो ह्याने इटालियन लेखनपद्धतीत सुधारणा सुचविणारे पत्र १५२४ मध्ये येथे छापविले. इटालियन भाषेत 'ए' व 'ओ' ह्या स्वरांचे विवृत आणि संवृत असे दोन उच्चार आहेत, पण अक्षर एकच आहे. विवृत उच्चारांसाठी त्याने ग्रीक लिपीतील एप्सिलॉन व ओमेगा ही अक्षरे सुचविली. 'आय्' आणि 'यू' ह्या अक्षरांची स्वर व व्यंजन अशी दोन्ही कामे होती. ती वेगळी करण्यासाठी 'जे' व 'व्ही' ही स्वतंत्र चिन्हे वापरावीत, असेही त्याने म्हटले. हे सर्व आर्रिगीच्या खिळ्यांत छापून निघाले. ग्रीक अक्षरांना समकालीन विद्वानांनी विरोध केला व ती टिकली नाहीत. परंतु 'यू' व 'व्ही' ह्यांचा भेद पुढे युरोपातील लेखनात सर्वमान्य झाला. आज शोभेचे म्हणून ओळखले जाणारे वळण आपल्या ऐन भरात वर्णविचाराचे साधन होते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

१५२७ मध्ये परकीय सैन्याने रोमची लूट केली. त्यानंतर आर्रिगीचा मागमूस लागत नाही. त्या धामधुमीत त्याचा अंत झाला असावा असे मानले जाते. त्याच्या वळणाचे खिळे मात्र रोमचा मुद्रक आन्तोनिओ ब्लादो ह्याच्याकडे पुढे वापरात राहिले. मॅकिआव्हेलीच्या 'राजा' ह्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १५३२ मध्ये काढणारा मुद्रक तो हाच.

५. सहायक अक्षर

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटॅलिकचे स्वतंत्र राज्य संपले. मजकूर रोमन अक्षरांत आणि प्रस्तावना, अवतरणे, पद्ये, परकीय शब्द व ग्रंथनामे इटॅलिकमध्ये, अशी वाटणी हळूहळू रूढ झाली. फ्रान्समध्ये रोबेर ग्रांजों ह्या कुशल कारागिराने रोमन अक्षरांशी उंचीने व काळेपणाने जुळणारी इटॅलिक अक्षरे कोरली. आता मोठी अक्षरेही कलली, आणि त्यांपैकी काहींना लपेटदार पर्यायी रूपे मिळाली. ही पर्यायी रूपे जुळाऱ्याने मुखपृष्ठावर किंवा परिच्छेदाच्या आरंभी वापरावीत अशी अपेक्षा असे. अलंकार असा घरात आला, पण तो सणासुदीपुरता.

ह्याच ग्रांजोंने १५५७ मध्ये लिओं येथे फ्रेंच हस्तलेखनाच्या देशी धावत्या वळणाचेही खिळे काढले. मुलांना शिष्टाचार शिकविणारी पुस्तके त्यांत छापली जात, त्यावरून त्या टाइपास 'सिव्हिलिते' असे नाव पडले. काही काळ ते चालले. परंतु रोमन अक्षराशी जोडी जमून त्याला असे नित्याचे काम मिळाले नाही, आणि अखेरीस ते मुद्रणाच्या इतिहासातील एक कौतुकाची वस्तू होऊन राहिले. दोन्ही वळणे धावती, दोन्ही सुंदर. ज्याला मुद्रणात काम मिळाले ते टिकले.

इटॅलिकला मिळालेले काम अर्थाच्या दृष्टीने किती सांकेतिक होते, ह्याचे उत्तम उदाहरण बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत सापडते. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये जे शब्द मूळ संहितेत नाहीत पण इंग्रजी वाक्य पुरे होण्यासाठी घालावे लागले, ते इटॅलिकमध्ये छापले आहेत. तात्पर्य, तेथे कलत्या शब्दाचा अर्थ 'हा शब्द मूळचा नव्हे' असा होतो. पुढील काळात इंग्रजी वाचकांना इटॅलिक म्हणजे भर देऊन उच्चारावयाचा शब्द अशी सवय झाली. त्यामुळे जेथे भाषांतरकाराने नम्रपणे आपली भर दाखविली, तेथेच नव्या वाचकाने आवाज चढवावा असा विपरीत प्रसंग उद्भवला. एकच रूप दोन परस्परविरोधी कामे करू शकते, ह्याचा अर्थ ते काम रूपात उपजत नसते. संकेताने त्यावर सोपविलेले असते.

६. विसाव्या शतकातील पुनर्विचार

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये हस्तलेखनाच्या जुन्या परंपरेचे पुनरुज्जीवन झाले. एडवर्ड जॉन्स्टन ह्याचा लेखनकलेवरील ग्रंथ १९०६ मध्ये निघाला व रुंद टोकाच्या टाकाचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. मोनोटाइप संस्थेने १९२३ मध्ये ब्लादोच्या खिळ्यांवरून 'ब्लाडो' हे इटॅलिक काढले. अमेरिकन मुद्रक फ्रेडरिक वॉर्ड ह्याने १९२५ मध्ये पॅरिस येथे आर्रिगीच्या अक्षरांवरून हाताने नवे ठसे कोरवून घेतले. ते 'आर्रिगी' ह्या नावाने प्रसिद्ध झाले आणि १९२९ मध्ये ब्रूस रॉजर्स ह्याच्या 'सेंटॉर' ह्या रोमन टाइपाचे सहायक म्हणून मोनोटाइप यंत्रासाठी सिद्ध झाले.

ह्याच काळात एक तात्त्विक प्रश्नही पुढे आला. मोनोटाइपचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन ह्यांनी १९२६ मध्ये असे मत मांडले की, रोमन अक्षराशी जुळणारे आदर्श इटॅलिक म्हणजे केवळ कलते केलेले रोमन असावे. त्यात टाकाच्या लकबी नसाव्यात. तर्काच्या दृष्टीने हे मत बिनचूक होते. इटॅलिकचे काम जर भेद दाखविण्याचेच असेल तर त्यास कल पुरेसा आहे. परंतु प्रत्यक्ष पृष्ठावर असे अक्षर निर्जीव दिसते, आणि वाचकाच्या नजरेस भेदही पुरेसा जाणवत नाही. मॉरिसन ह्यांचा हा आग्रह पुढे सैल पडला.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. मोनोटाइपच्या 'बेंबो' ह्या टाइपासाठी १९२९ च्या सुमारास सुलेखनकार आल्फ्रेड फेअरबँक ह्यांनी एक इटॅलिक रेखाटले. ते दफ्तरी वळणाशी इतके एकनिष्ठ व स्वतःच्या तोऱ्यात चालणारे निघाले की रोमन अक्षरांच्या शेजारी ते नांदेना. अखेर बेंबोला दुसरे, शांत इटॅलिक देण्यात आले, आणि फेअरबँक ह्यांचे अक्षर स्वतंत्र नावाने विकले गेले. टाकाचे सर्व गुण राखले तर सहायकपण जाते, आणि सहायकपण पूर्ण पाळले तर टाक जातो. ह्या द्वंद्वातून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे संसारच वेगळा थाटणे. अलंकृत इटॅलिकने तो मार्ग पत्करला.

७. संगणकाच्या युगातील कोर्सिव्हा

धातूच्या खिळ्यात अलंकारास एक भौतिक अडथळा होता. अक्षराचा जो भाग खिळ्याच्या अंगाबाहेर झेपावतो तो नाजूक असल्याने सहज मोडतो. म्हणून लांब फाटे असलेली अक्षरे महाग पडत व बेतानेच वापरली जात. छायाक्षरजुळणी व पुढे संगणक आल्यावर अक्षराला वजन उरले नाही आणि हा अडथळा दूर झाला. जर्मन सुलेखनकार हेरमान झाप्फ ह्यांचे 'झाप्फ चान्सरी' हे दफ्तरी वळणाचे मुद्राक्षर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये ॲपल कंपनीच्या लेझर छपाईयंत्रात जी ३५ मुद्राक्षरे कायमची बसविण्यात आली, त्यांत झाप्फ चान्सरीचे मध्यम इटॅलिक होते. त्यामुळे सुलेखनाची अक्षरे मुद्रकाच्या कारखान्यातून कार्यालयातील मेजावर आली.

कोर्सिव्हाचा जन्म ह्या घटनेच्या संदर्भात पाहिला पाहिजे. त्याच्या प्रत्येक अक्षराची रुंदी झाप्फ चान्सरीच्या त्या त्या अक्षराएवढी ठेवलेली आहे. एका मुद्राक्षराऐवजी दुसरे वापरले असता ओळ जेथे तुटावयाची तेथेच तुटते व पृष्ठाची मांडणी बिघडत नाही, हा त्यातील हेतू. साँडर्स ह्यांनी रॉबिन निकोलस ह्यांच्यासह १९८२ मध्ये सिद्ध केलेले 'एरियल' हे मुद्राक्षरही पुढे 'हेल्व्हेटिका'च्या रुंदीशी असेच मिळते केलेले आहे. अशा रीतीने कोर्सिव्हाचे रूप सोळाव्या शतकातील रोमचे, पण अंगाचे माप विसाव्या शतकातील छपाईयंत्राचे, असा योग जुळून आला. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन आज्ञावलीसमवेत ते असंख्य संगणकांवर पोहोचले आणि शाळा, संस्था, ग्रामीण छापखाने ह्या सर्वांना विनासायास उपलब्ध झाले.

त्याच दशकात ह्या परंपरेची इतरही रूपे निघाली. रॉबर्ट स्लिमबाख ह्यांच्या १९९२ मधील 'पोएटिका'त पर्यायी अक्षरांचे व लपेटींचे फार मोठे भांडार आहे; झाप्फ ह्यांच्या १९९८ मधील 'झाप्फिनो'त एका अक्षराची अनेक रूपे शेजारच्या अक्षरास अनुसरून योजता येतात. त्यांच्या तुलनेत कोर्सिव्हा गरीब आहे. प्रत्येक अक्षराचे एकच रूप, आणि तेही पुनःपुन्हा तसेच. हस्तलेखनात दोन 'एम्' कधीही अगदी सारखे नसतात. मानपत्रावर हाताच्या अक्षराचा आभास निर्माण करणारे हे मुद्राक्षर त्या बाबतीत यंत्राचेच राहते. तरीही समारंभाच्या कागदावर लोक त्याची निवड करतात, ह्याचे कारण त्यातून 'कोणीतरी हे मुद्दाम लिहिले आहे' असा संकेत मिळतो. आल्दुसच्या काळी कलते अक्षर विद्वानाची जवळीक सुचवीत असे. आता ते प्रसंगाचा मान सुचविते. नित्याच्या मजकुरात त्याचे दर्शन होत नाही, म्हणूनच ते प्रसंगविशेष दाखवू शकते. उद्या सर्व पत्रव्यवहार कोर्सिव्हात होऊ लागला तर त्याचा हा अर्थ तत्काळ नष्ट होईल.

८. मराठी मुद्रणाच्या संदर्भात

ह्या इतिहासाचा मराठीशी संबंध दोन ठिकाणी येतो. संगणकावर देवनागरी मजकूर कलता करण्याची सोय मिळाल्यापासून इंग्रजीतील इटॅलिकप्रमाणे मराठी शब्दही तिरपे छापण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. वर पाहिल्याप्रमाणे खरे इटॅलिक म्हणजे निव्वळ कल नव्हे. ते निराळ्या लेखनगतीतून आलेले निराळे वळण होय. देवनागरी अक्षर यंत्राने तिरपे केले असता दांडे कलतात, पण शिरोरेषा आडवीच राहते आणि अक्षराची घडण मुळीच बदलत नाही. शिवाय बोरूच्या टोकाचा छेद युरोपीय टाकाच्या उलट असल्याने देवनागरीतील जाडबारीकपणाची दिशाही निराळी आहे. मॉरिसन ह्यांनी रोमन अक्षरासाठी जो प्रयोग सुचविला व जो फारसा मानवला नाही, तोच येथे अजाणता घडत आहे.

भाषेच्या दृष्टीनेही त्याची निकड कमी आहे. इंग्रजीत 'तो आला' ह्या अर्थाच्या वाक्यात कोणत्या शब्दावर भर आहे हे पुष्कळदा केवळ उच्चाराने कळते, आणि लेखनात त्यासाठी इटॅलिक लागते. मराठीत 'तोच आला', 'तो आलाच', 'तोही आला', 'तो तर आला' असे भेद निपातांनी व्याकरणातच होतात. जे काम 'च' करतो ते अक्षराच्या कलाकडे सोपविण्याचे कारण नाही. ग्रंथनामे व परभाषेतील शब्द दाखविण्यास अवतरणचिन्हे किंवा ठळक टाइप मराठी मुद्रणात पूर्वीपासून चालत आलेले आहेत.

दुसरा संबंध अधिक मूलगामी आहे. मराठीलाही स्वतःचे दफ्तरी वळण होते, ते म्हणजे मोडी. परंपरा तिचा संबंध यादवांचा मंत्री हेमाद्री ह्याच्याशी जोडते. ओळभर शिरोरेषा आधी ओढून, शक्यतो हात न उचलता, अक्षरे वळवून जोडीत जाण्याची तिची रीत आहे. पोथ्या व ग्रंथ बाळबोधीत आणि पत्रे, हिशेब, सनदा मोडीत, ही वाटणी रोमन अक्षर व दफ्तरी वळण ह्यांच्या वाटणीशी मिळतीजुळती आहे. पेशवे दफ्तराचे लक्षावधी कागद ह्या वळणात आहेत. मोडी खिळेही निघाले होते. श्रीरामपूर येथे १८१० मध्ये छापलेल्या विल्यम कॅरे ह्यांच्या मराठी कोशात ते वापरले आहेत. परंतु मराठी मुद्रण बाळबोधीत स्थिर झाले. एकाच पृष्ठावर बाळबोधीच्या जोडीला मोडीने अवतरण, टीप किंवा भर दाखवावा, असा संकेत निर्माण झाला नाही. दफ्तरे जोवर हाताने लिहिली जात होती तोवर मोडी जिवंत राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून व कचेऱ्यांतून गेली. सिव्हिलिते टाइपाची जी गत झाली तीच तिची झाली. २०१४ मध्ये मोडीला युनिकोड ह्या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत स्थान मिळाले, म्हणजे ती छापण्याची तांत्रिक अडचण पुष्कळशी दूर झाली आहे; तिला काम कोणते द्यावयाचे हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

९. निष्कर्ष

कोर्सिव्हाच्या इतिहासावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ज्या रूपविशेषांना आज अलंकार म्हटले जाते, ते बहुतांशी श्रमाच्या खुणा आहेत : कल हा वेगाचा, चिंचोळेपणा हा वळणाच्या नियमाचा, जाडबारीकपणा हा टाकाच्या छेदाचा. दुसरा असा की, अखंड मजकूर वाहण्याचे काम जसजसे ह्या अक्षराकडून गेले तसतसा त्यातील फाट्यांना व लपेटींना अवसर मिळाला. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा असा की, वळणाचे आयुष्य त्याच्या सौंदर्यावर अवलंबून नसते. आर्रिगीचे वळण पाचशे वर्षांनी लग्नपत्रिकेवर दिसते, कारण मधल्या काळात त्याच्या जातीला मुद्रणात सतत काही ना काही काम होते.

ह्या दृष्टीने मोडीचा प्रश्न केवळ जुने कागद वाचण्यापुरता राहत नाही. तिची अक्षरे ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर व संस्थांच्या बोधचिन्हांवर शोभेसाठी योजण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि त्यात वावगेही काही नाही. मात्र इटॅलिकमध्ये अलंकार शेवटी आला, काम आधी होते. मोडीची शोभाच तेवढी राखली आणि ती वाचता येणारे राहिले नाहीत, तर दफ्तरातील लक्षावधी कागद कोणासाठी उरणार, ह्या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या अभ्यासकांनीच द्यावयाचे आहे.